कादंबाचा दुसरा पाय

"पाय खाली टेक ना, बाप्पा!"

दगडावर एक पाय ठेवून उभी असलेली निधी दचकली. "मले म्हणता?"

गवतात पालथा पडलेला तरुण दुर्बिणीतून डोळा न काढता हसला. "तुमाले नाही हो... त्याले!"

तळ्याच्या काठावर एक कादंब, हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा रानहंस, एका पायावर झोपला होता. दुसरा पाय पोटाच्या पिसांत. त्या लपलेल्या पायात कडं होतं, दूर मंगोलियात कुणीतरी घातलेलं. त्यावरची अक्षरं वाचून कळवली, की पक्षी सुखरूप पोचल्याचं तिकडे समजतं.

तो ईशान. अकोल्याच्या कॉलेजात शिकवायचा, रविवारी चांदूर रेल्वेच्या या तळ्यावर यायचा. निधी अमरावतीची, शाळेत शिक्षिका.

"हाकलून पाहा की. उडाला तर पाय दिसेल," ती म्हणाली.

"झोपलेल्याले काहून उठवायचं?"

एवढ्याच वाक्यावर ती तिथं बसली... आणि पुढचे कितीतरी रविवार बसतच गेली. हरभऱ्याचे घाटे सोलून त्याच्या तळहातावर ठेवायची. बोटाला बोट लागलं, की दोघंही घाईघाईनं पाण्याकडे बघायची.

एकदा तो थर्मासचं झाकण उघडत असताना दुर्बीण तिच्या डोळ्याला होती. कादंबानं पाय बदलला. अक्षरं लख्ख दिसली. निधीनं तोंड उघडलं — आणि मिटलं. वाचून झालं, की हा अकोल्याहून कशाला येईल?

"दिसलं काही?"

"नाही."

हल्लीच्या मुली धीट म्हणतात. पण छाती धडधडायची ती धडधडतेच.

पुढच्या रविवारी काठ रिकामा होता. कादंब उत्तरेला निघून गेले होते.

"राह्यलंच," ईशान हळूच म्हणाला. "तिकडं वाट पाहून राह्यले असतील कोणी..."

निधीला राहवेना. "मी वाचलं होतं. मागच्या रविवारीच."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर आज आले असते तुमी?"

त्यानं मोबाइल काढला. "अक्षरं सांगा." ती सांगत गेली, त्यानं लिहिलं, पाठवलं. मग दुर्बीण पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली. संपलं... निधीनं मान फिरवली.

"पुढच्या रविवारी तुमी अकोल्याले या."

"तिथं कोणता पक्षी आहे?"

"आमच्या गच्चीवर? कावळे."

"कावळे पाहाले अकोल्याले येऊ मी?"

"मी पण असतो ना गच्चीवर..." त्याचे कान लालेलाल झाले होते.

निधीनं ओढणीनं डोळे पुसले, अन् ती हसली.

"बडनेऱ्याहून अकोल्याची सकाळची गाडी किती वाजता असते?"