सवयीचा कॅमशाफ्ट

धैर्यशील सरनोबतांनी तीन आठवड्यांत सातव्यांदा तोच हट्ट धरला, तेव्हा नलिनी मगदूम चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. जिभेवर आलेलं गिळायला तेवढाच वेळ मिळाला.

साल २०४३. रस्त्यावरच्या गाड्या केव्हाच विजेवर गेल्या होत्या. पेट्रोलची गाडी फक्त हौशी माणसांना, वेगळ्या परवान्यावर ठेवता येत असे. अशा गाड्यांच्या इंजिनांवर काम करणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक कोल्हापूरजवळ शिरोलीत होती, आणि ती नलिनीबाई चालवत. सरनोबत एकसष्टीचे, तरुणपणी घाटातल्या शर्यती गाजवलेले. त्यांची लाल स्पोर्ट्स कार बाहेर उभी होती. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता.

"मला मोठा कॅम पाहिजे," सरनोबत म्हणाले. "गाडी उभी असताना इंजिन कसं बोललं पाहिजे! धग्... धगधग्... धग्. आता शिवणयंत्रासारखं चालतंय."

"साहेब, हे मी तुम्हाला सहा वेळा समजावलंय."

"सातव्यांदा समजवा की."

नलिनीबाईंनी टेबलावरचा एक जुना कॅमशाफ्ट उचलला. "हा दांडा फिरला की त्याचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. एका व्हॉल्व्हमधून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. मध्ये एक क्षण असा येतो की दोन्ही उघडे असतात. त्याला आम्ही संधिकाळ म्हणतो. शर्यतीच्या साध्या इंजिनात तो मोठा ठेवतात, कारण वेगात असताना बाहेर पडणारा धूर ताजी हवा आत ओढतो. गाडी उभी असली की त्याच संधिकाळामुळे तुम्हाला आवडते ती धडधड होते. पण तुमचा सुपरचार्जर हवा दाबून आत कोंबतो. पुढचं आणि मागचं दार एकदम उघडं ठेवून घरात माणसं कोंबली तर काय होईल? मागच्या दारानं निघून जातील. तुमची ताकद अशीच धुराड्यातून जाईल."

"जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"ताकद."

नलिनीबाईंनी कॅमशाफ्ट टेबलावर आपटला. पलीकडच्या सूक्ष्मदर्शकावरून डॉ. रियाज मुजावरांनी मान वर केली. ते धातुतज्ज्ञ. स्वभाव थंड.

"बाई, यांना आपला नवा शाफ्ट देऊन पाहू या का?" ते म्हणाले. "निवड कुणीच करायची नाही. तुम्ही नाही, तेही नाही."

अकरा महिने दोघं त्या शाफ्टवर राबत होते. त्याचे उंचवटे स्मृतिधातूचे होते. इंजिन चालू असताना ते तापत आणि क्षणाक्षणाला केसाच्या शंभराव्या भागाइतके सरकत. ज्या आकारात धक्के सर्वांत कमी बसतील आणि इंधन सर्वांत कमी वाया जाईल, त्या आकाराकडे. पन्नास तासांनी धातू कायमचा घट्ट होई. इंजिन किती वेळ कोणत्या वेगानं फिरलं, याची नोंद शाफ्टच्या टोकाला बसवलेला सवयलेखक ठेवत असे.

"म्हणजे हा माझ्या मनासारखा होणार?" सरनोबतांनी विचारलं.

"मनासारखा नाही," मुजावर म्हणाले. "सवयीसारखा. तुम्हाला काय हवंय ते धातूला कळत नाही. तुम्ही काय करता तेवढंच कळतं."

"घाटात पळवा," नलिनीबाईंनी बजावलं. "आंबा घाट, गगनबावडा, कुठंही. पण पळवा. आमचा पहिला अहवाल यावर जायचाय. शब्द द्या."

सरनोबतांनी शब्द दिला.

सात आठवड्यांनी ते आले ते तणतणतच. "होता तो आवाजसुद्धा गेला! इंजिन चालू आहे की बंद, कळत नाही. बाई, तुम्ही माझ्या गाडीचा फ्रीज केलात!"

नलिनीबाईंनी इंजिन उघडायला लावलं. शाफ्ट मापनयंत्रावर चढला. पडद्यावरची आकृती पाहून मुजावरांच्या भुवया वर गेल्या. संधिकाळ जवळजवळ शून्यावर आला होता. असा कॅम जनरेटरला शोभला असता. मग त्यांनी सवयलेख काढला आणि तो नलिनीबाईंच्या हातात दिला.

पन्नासपैकी सेहेचाळीस तास इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर फिरलं होतं. म्हणजे गाडी उभीच होती.

"सरनोबत साहेब!" नलिनीबाईंचा आवाज चढला. "अकरा महिन्यांचं काम आहे हे! घाट सोडा, तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत तरी गेला होतात का? एवढी ताकदीची गाडी, आणि तिच्यात एसी लावून बसत होतात?"

सरनोबत उत्तर द्यायला उभे राहिले आणि परत बसले.

"मी एकटा नव्हतो," ते म्हणाले. "जिनपाल असायचा."

जिनपाल चौगुले हा त्यांचा शर्यतीतला जोडीदार. बावीस वर्षं तो शेजारच्या सीटवर नकाशा घेऊन बसला होता आणि पुढचं वळण ओरडून सांगत होता. इंजिनही तोच जुळवायचा. यंत्र लावून नाही, कान लावून. सात महिन्यांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण बंद झाली. दोघांची जुनी गाडी त्याआधीच, परवाना न मिळाल्यानं, कायद्यानं भंगारात गेली होती.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचे आवाज ऐकवा," सरनोबत सांगत होते. "जुन्या चित्रफिती लावल्या तर तोंड फिरवतो. त्याला नुसता आवाज नको, सीटमधून हादरा बसायला पाहिजे. म्हणून रोज संध्याकाळी त्याच्या अंगणात गाडी नेतो, त्याला उचलून आत बसवतो आणि तासभर इंजिन चालू ठेवतो. जुन्या गाडीसारखं नाही, पण थोडं तरी हलायचं. पहिल्या आठवड्यात त्याची बोटं ताल धरायची. मग कमी झाली. आता नुसता समोर बघत बसतो. मला वाटलं, तोच विझत चाललाय."

मुजावरांनी पडद्यावरची आकृती पुन्हा एकदा पाहिली.

"तो नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "इंजिन विझत होतं. गाडी उभी असताना बसणारे धक्के म्हणजे धातूच्या लेखी दोष. तुम्ही त्याला ते ऐकवायला जितके जास्त बसलात, तितके या शाफ्टनं ते पुसून टाकले. त्यानं त्याचं काम चोख केलं." मग त्यांचा पारा पुन्हा चढला. "पण हे आधी सांगायला काय झालं होतं? सात वेळा आलात!"

"तुम्ही प्रत्येक वेळी ताकदीचं बोलत होता. मला वाटलं, असल्या कारणासाठी कॅम कोण घासून देईल?"

नलिनीबाई तरातरा यंत्रशाळेत गेल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी साध्या पोलादाचा कॅमशाफ्ट स्वतः घासला. जुन्या गाडीची मापं कुठंच लिहिलेली नव्हती, ती जिनपालच्या डोक्यात होती. मग त्यांनी शर्यतीच्या एका चित्रफितीतून इंजिनाचे ठोके वेगळे काढले आणि त्यावरून संधिकाळ ठरवला.

"या इंजिनासाठी हा कॅम चुकीचा आहे," मुजावर म्हणाले.

"माहितीय. चुकीचाच घासतेय. पण नीट घासतेय."

पाचव्या दिवशी संध्याकाळी जयसिंगपुरात चौगुल्यांच्या अंगणात लाल गाडी उभी राहिली. सरनोबतांनी जिनपालला उचलून सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. नलिनीबाई हत्यारांची पेटी घेऊन बाजूला थांबल्या. इंजिन सुरू झालं.

धग्... धगधग्... धग्. अख्खी गाडी हलू लागली. तुळशीजवळचा तांब्या थरथरला. अर्धी ताकद धुराड्यातून वाया जात होती, हे नलिनीबाईंना कानांनीच कळत होतं.

जिनपालची मान हळूच तिरकी झाली. डाव्या हाताची बोटं मांडीवर पडू लागली, एक, दोन, पुन्हा एक. आणि एकाएकी ती बोटं थांबली. जिनपालच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यानं डाव्या तळव्यानं डॅशबोर्डवर थाड् करून मारलं.

"काय झालं? दुखतंय? बंद करू?" सरनोबत घाबरले.

जिनपालनं चिडून मान हलवली. ओठ वाकडे झाले, हनुवटीवर लाळ आली. "ति... ति..." त्यानं पुन्हा डॅशबोर्डवर मारलं. "तिसरा!"

सरनोबतांचा हात किल्लीवरच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बाई, बोलला! तिसरा सिलिंडर म्हणतोय. तिसऱ्यात खोट आहे म्हणतोय."

"माझ्या कामात?" नलिनीबाई उसळल्या. "तीस वर्षं हात काळे केलेत मी!"

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, झाकण उघडलं आणि फटी मोजायची पोलादी पट्टी काढली. पहिला सिलिंडर बरोबर होता. दुसराही. तिसऱ्याच्या कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या फटीत पट्टी जराही न अडता सरळ आत गेली.

नलिनीबाईंनी ती बाहेर काढून पुन्हा घातली. फट केसभर जास्त होती. त्यांनी उघड्या झाकणाच्या बाजूनं मान काढून काचेतून आत पाहिलं. जिनपाल त्यांच्याकडेच बघत होता आणि आता आटपा म्हणून डॅशबोर्ड बडवत होता.

"आटपते, आटपते," त्या पुटपुटल्या आणि पेटीतला पाना शोधू लागल्या.