बिनओठांचं वाक्य

सकाळी दहाला ती खोलीत येऊन बसली, तेव्हा मालिकेचा फक्त शेवटचा भाग उरला होता. खोली तळघरात होती. खिडकी नाही, भिंतींना जाड स्पंज. दार ओढून घेतलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायचं नाही. परदेशी मालिकांवर आपल्या भाषेतले आवाज बसवायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. पडद्यावर परका माणूस तोंड हलवतो, खाली आवाजाच्या रेघा असतात. त्या तसू तसू सरकवायच्या, कुठे श्वास कापायचा, कुठे शब्द किंचित ताणायचा, आणि त्याच्या ओठांवर बेमालूम बसवायच्या. स्टुडिओत सगळे तिला शिंपीण म्हणायचे.

"गुपित एवढंच," ती नवख्यांना सांगायची, "प, फ, ब, भ, म. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. तेवढे टाके नीट पडले की बाकीचं कापड आपसूक बसतं."

या मालिकेतल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला नानांचा आवाज होता. नानांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोलण्यात घालवली. वाक्य नेहमी जरा उशिरा उचलायचे, आणि तिनं कुरकुर केली की म्हणायचे, "माप तुमच्याकडे, शिंपीणबाई. मी नुसतं कापड." या भागाचं रेकॉर्डिंग उरकून ते घरी निघाले आणि बसथांब्यावरच कोसळले. त्याला आठ दिवस झाले होते. गेलेल्या माणसाचा आवाज हाताळायची तिची ही पहिली वेळ नव्हती. तरी आज तिनं आवाज थोडा कमीच ठेवला होता.

दुपारपर्यंत भाग पुरा झाला. शेवटी नावांच्या पाट्या सरकून पडदा काळा झाला, आणि त्याही पुढे, जिथे काहीच असायला नको, तिथे साडेचार सेकंदांचा एक तुकडा सुटा पडलेला तिला दिसला. तिनं तो लावला.

"मी तुझा बाप नव्हे... तो अजून बाहेर उभा आहे."

आवाज नानांचाच होता. पण दबका, भिंतीपलीकडे कुणी कान लावून असेल तर त्याला कळू नये अशा बेतानं काढलेला. तिनं संवादांची वही चाळली. असं वाक्य कुठेच नव्हतं. न्यायाधीशाला तर मूलबाळही नव्हतं. मग तिनं त्या भागातला एकेक चेहरा घेऊन ते वाक्य त्याच्या ओठांखाली धरून पाहिलं. कुणालाच बसेना.

शेवटी तिनं रेकॉर्डिस्टला बोलावलं. तो चाळिशीचा, अबोल गृहस्थ. त्यानं तुकडा ऐकला, त्यावरची वेळ पाहिली आणि पुन्हा पाहिली.

"ताई, हे त्याच दिवशीचं, पाच वाजून दहा मिनिटांचं आहे."

"मग?"

"नाना साडेचारला निघाले. माइक मी माझ्या हातानं बंद केला. आणि पाचला त्यांच्या घरून फोन आला... सगळं संपल्याचा." त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "पुसून टाका. कशाला ठेवायचं."

ती हो म्हणाली, पण तिच्यानं पुसवलं नाही. आवाज एकदा हातात आला की त्याचे ओठ सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे.

घरी तिचे बाबा होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दोघंच. बाबा गणिताचे मास्तर, एके काळी त्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. महिनाभर दवाखान्यात काढून ते घरी आले, पण उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. घरी आणताना गाडी दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हा आपलं काहीतरी मागे राहिलंय असं वाटून तिनं पिशव्या मोजल्या होत्या. सगळ्या होत्या.

एरवी अर्धवट उघडे राहणारे त्यांचे ओठ रोज दिवेलागणीला हलायचे. डॉक्टर म्हणाले होते, स्नायूंची सवय आहे, त्याला अर्थ नसतो. तिनंही कधी निरखून पाहिलं नव्हतं. दिवसभर जगाचे ओठ वाचून तिला घरी कुणाच्या तोंडाकडे बघायचाच वीट यायचा.

त्या संध्याकाळी ती त्यांना चमच्यानं पातळ भात भरवत होती आणि ओठ हलायला लागले. ते मिटले. उघडले. पुन्हा दोनदा लागोपाठ मिटले. थोडं थांबून आणखी दोनदा.

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. मी. बाप. बाहेर. उभा.

तिनं फोन काढून त्यांच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घेतला. दुसऱ्या दिवशी तळघरात तिनं तो व्हिडिओ पडद्यावर घेतला आणि नानांचं वाक्य त्याच्याखाली ठेवलं. काही सरकवावं लागलं नाही. कुठे कापावं लागलं नाही. बाबांचा चेहरा नानांच्या आवाजात बोलला आणि एक टाकाही चुकला नाही.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. बाबांना सांभाळणाऱ्या बाईंना तिनं वाटेला लावलं आणि पलंगाशी जाऊन बसली.

"बाबा..."

डोळे तिच्याकडे वळले नाहीत.

"मग कोण आहात तुम्ही?"

त्यांची नजर दाराकडे होती. डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून उशीत जिरत होतं. दोन वर्षं याच माणसाचं तिनं अंग पुसलं होतं, केस विंचरले होते, कुशी बदलल्या होत्या. आता त्याच्या अंगावर पांघरूण ओढायलाही तिचा हात धजेना.

ती उठली आणि तिनं दार उघडलं. जिन्यात पिवळा दिवा जळत होता. कुणी नव्हतं. खालून ओल चढल्यासारखा वास येत होता आणि त्यात दवाखान्यातल्या औषधांचा उग्र दर्प मिसळला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत या."

पाऊल वाजलं नाही. वाराही हलला नाही. ती उंबऱ्यातच बराच वेळ उभी राहिली, मग दार लावून घेतलं. पलंगावरचा माणूस गाढ झोपला होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

सकाळी दूध घ्यायला तिनं दार उघडलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू समोरच भेटल्या.

"अगं, काल संध्याकाळी तुमचं दार लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ मास्तरांना जिन्यात पाहिलं आणि जीव सुखावला बघ. दोन वर्षांनी स्वतःच्या पायांवर."

तिनं चौकट धरली. "वर येत होते?"

"छे, उतरत होते. मी हाक मारली तर हसलेसुद्धा." काकूंनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "एकटे असते तर मी थांबवलंच असतं, केवढा उभा जिना हा. पण तू होतीस ना हात धरून."