जिराफ, पिंप आणि एक दिवस आधीची कोर

"थांब, थांब! पिंप कलंडतंय!"

"आणि मी कलंडतोय, त्याचं कुणाला काही आहे का?" खालच्या पायरीवरून नबहान धापा टाकत म्हणाला.

मर्खा गावच्या जुन्या टेहळणी बुरुजाचा जिना एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद होता, आणि त्यातून एक बुटकी, जाडजूड दुर्बीण लाकडी बैठकीसकट वर न्यायची होती. वरून ओढणारी झुवैना तेरा वर्षांची. खालून ढकलणारा तिचा आतेभाऊ नबहान तिच्याहून वर्षाने लहान. त्यांच्यामागून शेजारची दहा वर्षांची रय्या दुर्बिणीच्या भिंगांची पेटी छातीशी धरून येत होती. रमजानचा एकोणतिसावा दिवस होता; आज कोर दिसली तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक रोजा. शाळेला ईदची सुट्टी लागली होती, तिघांचेही रोजे होते, आणि सूर्य मावळायला अजून बराच अवकाश होता.

वर दुसरी दुर्बीण आधीच उभी होती. लांब, पांढरीशुभ्र, तीन बारीक पायांवर तोललेली. मुलांनी तिचे नाव जिराफ ठेवले होते आणि बुटकीचे पिंप. निझव्याच्या दुकानदाराने दोन्ही दुर्बिणी शाळेच्या विज्ञान मंडळाला पसंतीसाठी पाठवल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची. विज्ञानाचे सर सुट्टीत सलालाला आपल्या घरी गेले होते. जाताना ते म्हणाले होते, "निवड झुवैना करील. तिला प्रश्न विचारायची खोड आहे."

परंतु शेवटचा शब्द पालक समितीच्या प्रमुखांचा, म्हणजे हमूदकाकांचा होता. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ ईदच्या नेमबाजीत दरवर्षी पहिले येत. त्यांनी पिंपाकडे एकदाच पाहिले होते.

"दुर्बीण कशी दुर्बिणीसारखी दिसली पाहिजे! हे काय आणलंय, हरीस शिजवायचं पातेलं?" आणि त्यांनी निकालाची रीतही ठरवून टाकली होती. "आज संध्याकाळी ईदची कोर ज्या दुर्बिणीतून आधी दिसेल, ती शाळेची!"

झुवैनाला ही रीत मान्य नव्हती. पण तिच्या मान्यतेची कुणाला गरज वाटली नव्हती. निवड चुकली, तर पुढची कित्येक वर्षे शाळेतली मुले डुगडुगणाऱ्या नळीत डोळा घालून कंटाळतील आणि आकाशात पाहण्यासारखे काही नसते असे समजून घरी जातील, ही एकच काळजी तिला लागून राहिली होती.

"चला, तपासू या," ती म्हणाली. "ती समोरची पाण्याची टाकी दिसतेय ना, पलीकडच्या गावाची? नबहान, हात लांब करून करंगळी धर."

नबहानने एक डोळा मिटला. "टाकी अर्ध्या नखाआड गेली."

"चंद्रही एवढाच असतो. अर्ध्या नखात मावतो."

"आख्खा चंद्र? काहीतरीच!"

"मी सांगते म्हणून मानू नकोस. चंद्र दिसला की करून बघ."

आधी जिराफाची पाळी आली. सर्वांत कमी ताकदीची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, लावल्यावर गोल दृश्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा टाकीने व्यापला. चित्र बरे होते. मग नबहानने खोक्यावरचा मोठा आकडा वाचला, "सहाशे पंच्याहत्तर पट!" आणि सर्वांत ताकदीची नेत्रिका बसवली. टाकीच्या जागी राखाडी लापशी दिसू लागली. तेवढ्यात रय्या शिंकली आणि लापशी नाचायला लागली.

"तू शिंकलीस तर भूकंप झाला!"

"मी हळूच शिंकले!"

"पाय बारीक आहेत त्याचे," झुवैना म्हणाली. "आणि तोंड किती लहान आहे बघ. जेवढं तोंड, तेवढाच उजेड आत येणार. तेवढ्याच उजेडात चित्र ताणत बसायचं म्हणजे लापशीत पाणी ओतण्यासारखं आहे. खोक्यावर हजार लिहिलं असतं तरी फरक पडला नसता."

पिंपातून टाकी उलटी दिसली, पण तिच्या शिडीच्या पायऱ्या एकेक करून मोजता येत होत्या.

"टाकी डोक्यावर उभी आहे!" नबहान खो खो हसला.

"आकाशात वर कुठलं आणि खाली कुठलं?"

एवढ्यात रय्याचा आवाज आला. ती जिराफाच्या पाठीवरच्या छोट्या शोधक नळीला डोळा लावून बसली होती. वस्तू आधी या नळीत पकडायची आणि मग मोठ्या नळीतून पाहायची, अशी ती सोय होती. "इथून मला बकरी दिसतेय. मोठ्या नळीतून टाकी दिसते. हे कसं?"

झुवैनाने नळी हलवून पाहिली. स्क्रूचे आटे झिजले होते. कितीही फिरवले तरी नळी सैलच राहत होती. ती तशीच खाली जाऊन काकांना सांगून आली. काका हसले. "दुकानदार मूर्ख आहे का? तुला तुझं पातेलं जिंकायला हवंय, दुसरं काय!"

सूर्य टेकला तसा बुरुज माणसांनी भरला. गावचे वयोवृद्ध शेख मुहन्नाही आले. कोर कुणाला दिसलीच, तर त्या माणसाला घेऊन वालींच्या, म्हणजे प्रांताच्या अधिकाऱ्यांच्या, कचेरीत जायचे आणि त्याची साक्ष नोंदवायची, हे काम त्यांचे होते. खजुरांचे ताट आणि पाण्याचे पेले मांडले गेले. खाली मसाला चोपडलेले आणि केळीच्या पानांत गुंडाळलेले मांस शुव्याच्या, म्हणजे ते निखाऱ्यांवर पुरून भाजायच्या, खड्ड्याशेजारी वाट पाहत होते. उद्या ईद व्हावी असे सगळ्यांनाच वाटत होते, झुवैनालाही. तिचे नवे कपडे आठवड्यापूर्वीच शिवून आले होते.

"झाकणं काढू?" काकांनी विचारले.

"सूर्य पूर्ण बुडेपर्यंत नाही, काका! दुर्बिणीतून सूर्य चुकून जरी दिसला तरी डोळा जाईल."

या बाबतीत मात्र तिने कुणाचेही ऐकले नाही. सूर्याचा शेवटचा तुकडा बुडाला, अजान झाली, खजूर तोंडात गेले. काकांनी गालात खजूर ठेवूनच जिराफाची शोधक नळी क्षितिजावर धरली आणि मोठ्या नळीला डोळा लावला. नळी इकडे गेली, तिकडे गेली, आणि ते एकदम ओरडले,

"दिसली! कोर दिसली!"

एकच गलका झाला! एकामागून एक माणसे वाकली आणि आनंदाने सरळ झाली. दोन पोरे "ईद! ईद!" करीत जिना उतरूनही गेली. नबहानने पाहिले आणि टाळी वाजवली. मोठा झाल्याची खूण म्हणून त्याच्या कमरेला उद्या पहिल्यांदा खंजर लागणार होता. "जिराफ जिंकला! अगदी स्पष्ट आहे!"

झुवैनाने सर्वांच्या शेवटी पाहिले. काळपट निळ्या आभाळात एक बारीक, तेजस्वी कोर होती. दोन्ही टोके धारदार. पुस्तकात असते तशी. मानण्यासारखे सगळे काही तिथे होते.

ती बाजूला झाली आणि भिंतीला टेकली. आपण हरलो याचे तिला वाईट वाटत होते, पण ते एवढेच नव्हते. काहीतरी बसत नव्हते. ती कोर किती मोठी दिसली? एरवी आभाळात नुसत्या डोळ्यांनी चंद्राची कोर दिसते तेवढी. अगदी तेवढीच.

दुपारी अर्ध्या नखाएवढ्या टाकीने याच कमी ताकदीच्या नेत्रिकेतून गोलाचा तिसरा हिस्सा व्यापला होता. चंद्रही अर्ध्या नखाएवढाच. मग तो एवढासा कसा? दुर्बिणीतूनही चंद्र जर नुसत्या डोळ्यांना दिसतो तेवढाच दिसणार असेल, तर दुर्बिणीने केले काय?

तिने नबहानला बाजूला ओढून हे सांगितले.

"तू हरलीस म्हणून असं म्हणतेयस," तो म्हणाला.

"असेलही. म्हणूनच तू बघ. तुला जिराफ जिंकायला हवाय, तुला उद्या ईदही हवीय. तुला जर माझं पटलं, तर ते बहुतेक खरं असेल."

नबहानने तोंड वाकडे केले, पण तो गेला. पुन्हा वाकला. या वेळी बराच वेळ वाकून राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"टाकीपेक्षा खूप लहान आहे गं. खूपच. पण काका निघालेसुद्धा!"

काकांच्या हातात गाडीची किल्ली होती आणि ते शेखांना हात देऊन जिन्याकडे नेत होते. एकदा साक्ष नोंदवली गेली, की ती परत घेणे म्हणजे साऱ्या मुलखात हसे. नबहानने एकदा झुवैनाकडे पाहिले आणि काकांच्या बगलेखालून निसटून तो जिन्यात उतरला. दुसऱ्याच क्षणी आतून आवाज आला.

"आई गं! पायात गोळा आला!"

"ऊठ तिथून, गाढवा!"

"उठता येत नाही, काका! तुम्ही वरून उडी मारून जाता का?"

लोक हसले. काका लाल झाले. तेवढ्यात झुवैना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, ईदच्या नेमबाजीत तुम्ही बंदुकीच्या नळीवरून नेम न धरता गोळी झाडता का?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग जिराफाच्या नळीवरूनही एकदा बघा. आतून नको, बाहेरून. बंदुकीवरून बघता तसं. ती कुठे रोखलीय एवढंच सांगा, मग खुशाल जा."

कोणी दुसऱ्याने सांगितले असते तर काका गेले असते. पण नेमाचा प्रश्न होता, आणि लोक पाहत होते. ते गुडघ्यावर बसले, पांढऱ्या नळीला गाल लावला, डावा डोळा मिटला. बुरुजावरचा गलका हळूहळू विरला.

"ही तर वर रोखलीय," काका सावकाश म्हणाले. "क्षितिजापासून बरीच वर. समोर... समोर तो मोठा तारा आहे."

सगळ्यांनी मान वर केली. गेले कित्येक दिवस रोज संध्याकाळी दिसणारा तो ठळक पांढरा ठिपका आजही तिथेच होता.

"शुक्र," झुवैना म्हणाली. "शोधक नळी सैल आहे. तुम्ही खाली शोधत होता आणि मोठी नळी वर बघत होती."

शेख मुहन्ना काठी टेकत पुढे आले. "पण मुली, आम्ही कोर पाहिली. शुक्राला कुठे कोर असते?"

"असते, शेखसाहेब. चंद्रासारख्याच त्यालाही कला असतात. नुसत्या डोळ्यांना तो ठिपका दिसतो, म्हणून कळत नाही."

"हे तू पुस्तकात वाचलंस?"

"हो. पण पुस्तकावरही विश्वास ठेवू नका. थोडं थांबू या. आजचा चंद्र सूर्यापाठोपाठ लगेच बुडणार आहे. ही कोर चंद्राची असेल, तर आत्ता डोंगराआड जाईल. शुक्राची असेल, तर इतक्यात कुठेच जाणार नाही."

शेख खाली बसले आणि त्यांनी खजूर उचलला. ते बसल्यावर जाणार कोण? मधल्या वेळात झुवैनाने पिंप क्षितिजावर रोखले आणि सूर्य जिथे बुडाला तिथून दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवले. बैठक जड होती. रय्या पुन्हा शिंकली, तरी चित्र हलले नाही. धूसर नारिंगी आभाळ, डोंगराची कड, एक उशिरा घरी निघालेला पक्षी. बस. मग तिने पिंप शुक्राकडे वळवले. त्यातही तीच कोर होती, उलटी.

डोंगरकडेचा उजेड मावळला. आभाळ गडद झाले. ज्याची कोर पाहून गाव नाचले होते, तो तारा तिथेच, अधिकच तेजाने चमकत होता.

"मी शपथेवर सांगणार होतो," काका स्वतःशीच म्हणाले. "खोटं बोललो नसतो. पण ते खरंही नसतं." मग त्यांनी झुवैनाकडे पाहिले. "तू दुपारी सांगायला आली होतीस. ते टाकीचं काहीतरी."

"टाकी आणि बकरी!" रय्याने दुरुस्ती केली.

शेखांनी झुवैनाला जवळ बोलावले. "तुला काय दिसलं, ते सांग."

"मला चंद्र दिसला नाही, शेखसाहेब."

"अनेक वर्षं मी 'दिसला' म्हणणाऱ्यांच्या साक्षी ऐकतोय. सगळ्यांना दिसत असताना 'दिसला नाही' म्हणायला जास्त बळ लागतं," ते म्हणाले, आणि जिन्याकडे वळून त्यांनी हाक मारली, "आणि तो पायात गोळा आलेला कुठे आहे? जिना अडवून त्यानंही साक्ष दिलीच म्हणा. खंजर लावायला हरकत नाही. पण परवा!"

गाव कुरकुरले. एक रोजा वाढला, शुव्याचा खड्डा थंडच राहिला. झुवैनाच्या आईने नवे कपडे पुन्हा कपाटात ठेवले.

दुसऱ्या संध्याकाळी पिंप जिन्यावरून वर चढले, पण त्याला उचलायला मुलांना हात लावावा लागला नाही. "हरीसाचं पातेलं माझ्याकडे द्या," काका म्हणाले होते. जिराफ खोक्यात भरून खाली ठेवलेला होता.

"त्याची काच वाईट नाही, काका," झुवैना म्हणाली. "त्यानं शुक्र खराच दाखवला. त्याला धड पाय आणि धड शोधक नळी हवी होती, एवढंच. दुकानदाराला तसं सांगा. आणि खोक्यावरचा आकडा खोडायलाही सांगा."

"सगळं तूच सांग. मी नुसता शेजारी उभा राहीन."

चंद्र सगळ्यांना नुसत्या डोळ्यांनीच दिसला. पिंपातून पाहिला, तर त्याची कड खडबडीत होती आणि कोरीच्या आतली काळी बाजूही मंद उजळलेली दिसत होती. टाकीइतकाच मोठा! कालची दोन्ही पोरे पुन्हा ओरडत खाली धावली, आणि या वेळी त्यांची बातमी खरी होती.

गर्दी ओसरल्यावर झुवैना झाकणे लावायला परत आली, तेव्हा हमूदकाका एकटेच पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. हात लांब केलेला. एक डोळा मिटलेला. करंगळी चंद्रावर.

"अर्धंच नख," ते कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले.