पडून राहिली

"भाकरी टाकून राहिली."

"कापूस वेचून राहिली. मंग कर फोन."

"काही नाही. बसली आपली."

"बैल सुटला, बाई! ठेव, ठेव!"

"पडून राहिली."

संगणक मनाला येईल तेव्हा मनाला येईल तो नंबर काढायचा. अनुपमानं तो लावायचा आणि एकच विचारायचं, "आत्ता काय करताय?" शेती बुडत चाललेल्या त्या वर्षांत बाईमाणसाचा दिवस कुठे जातो, हे अकोल्यातल्या एका संस्थेला हवं होतं. तेल्हाऱ्याकडच्या गावांत बायकांना त्यासाठी मोबाइल वाटून झाले होते. अनुपमा पुण्याहून आलेली. अकोल्यात तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. रविवारी ती पेपर मोठ्यानं वाचायची, निदान आपला तरी आवाज कानावर पडावा म्हणून.

"पडून राहिली" हे वच्छलाचं उत्तर. सकाळी लावा, भर दुपारी लावा, तेच. अनुपमा 'आराम' लिहायची. ऐन हंगामात निवांत लोळणारी एक तरी बाई आहे, याचं तिला बरं वाटे. फोनमध्ये मागे वारा घोंघावत असे. पंखा असेल.

एकदा वच्छलानंच विचारलं, "अन् तू काय करून राहिली?"

असं तिला कोणी विचारून किती दिवस झाले होते! "डबा खातेय. एकटीच."

"खाय, माय. माह्यासंग बोलत बोलत खाय."

पुढे नंबर निघाला नाही तरी अनुपमा तिला फोन लावू लागली.

एका दुपारी ऑफिसचा शिपाई बंडू खिडकीकडे धावला. "मॅडम, पाणी पडून राहिलं अन् तुमी खिडकी उघडी ठेवली!"

"पडून कुठे राहिलंय? आत्ता तर सुरू झालं."

"तेच तं म्हणून राहिलो. पडून राहिलं म्हंजे पडते आता, या घडीले. तुमच्या पुण्यात पाणी झोपते काय?"

तो हसला. बाकीच्या बायकांचं 'करून राहिली' अनुपमाला कळायचं. हे एकच तिनं पुण्याच्या कानांनी ऐकलं होतं.

तिनं फोन लावला. "वच्छलाबाई, तुम्ही... कुठून पडताय?"

वारा. मग शांत आवाज. "वरचा उजेड आता टिकलीएवढा दिसून राहिला. तू बोलते तं बरं वाटते, माय. ठेवू नोको."

तिनं बंडूला वच्छलाच्या गावात पाठवलं. तो फोनचा खोकाच घेऊन आला. सील तसंच होतं.

"तिची जाऊ इंदूबाई भेटली. वच्छला पाण्याले गेली ते आलीच नाही, म्हणते. फोन वाटले त्याच्या पयलेच. हा आला तवापासून फळीवरच होता."

"मग माझ्याशी कोण बोलतं?"

बंडूनं खोका टेबलावर ठेवला आणि हात पँटला पुसले.

अनुपमानं फोन करणं सोडलं. खोली पुन्हा मुकी झाली. मग ताप आला. घोटभर पाणी द्यायलाही कोणी नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"काय करून राहिली?"

उचलायला नको होता. पण कोणीतरी विचारत होतं.

"काही नाही," अनुपमा म्हणाली. "पडून राहिलेय."

"हो," वच्छला म्हणाली. "दिसून राहिली मले. येऊन राहिली तू वरून."

पाठीखाली गादी होती, तिथे गार वारा लागला.

वच्छला पाण्याला गेली त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली होती. बायका पायऱ्यांनी उतरून वाटीनं पाणी भरत. तळ काठावरून दिसत असे. तिथे वच्छला नव्हती.