बाथरूमचे दार बाहेर उघडले पाहिजे

पुढे लिहिलेले सर्व माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे. ज्यांना हे म्हाताऱ्याच्या डोक्यातले खूळ वाटेल, त्यांनी वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. मी तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस आहे. जन्मभर इमारतींची तपासणी केली. जे मोजता येत नाही ते अहवालात कधी लिहिले नाही.

हे मात्र लिहितो आहे. आणि रागाने लिहितो आहे.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, लख्ख उन्हाची. जागा म्हणाल तर माझ्या मुलाच्या नव्या घराचा पॅसेज. एका बाजूला बाथरूमचे दार, समोरच्या भिंतीत कोनाडा.

पण त्या दुपारपर्यंत येण्याआधी दाराचे सांगितले पाहिजे.

माझी पत्नी बाथरूममध्ये वारली. भाड्याचे घर होते. बाथरूम एवढेसे, आणि दार आत उघडणारे. ती घसरली आणि दाराला आडवी पडली. कडी लावलेली नव्हती, नुसते ढकलायचे होते. पण दार जितके ढकलावे तितके तिच्याच अंगावर जात होते. मी ढकलत होतो, शेजारी ढकलत होते. शेवटी वरची फळी कापून एकाला आत उतरवले.

तोवर सगळे संपले होते.

म्हणून मुलाने घर बांधायला काढले तेव्हा मी एकच अट घातली. फरशी कोणतीही घाला, रंग कोणताही लावा, बाथरूमचे दार बाहेर उघडले पाहिजे. आत कोणी पडले तर बाहेरून ओढता आले पाहिजे.

"हो बाबा," मुलगा म्हणाला.

मग माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. धुळीत जायला मनाई. पुन्हा बांधकामावर गेलो, तर बाथरूमची दगडी चौकट बसलेली होती.

खाच आतल्या अंगाला.

हे समजावून सांगतो, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. चौकटीच्या एका अंगाला खाच असते. दार त्या खाचेत बसते. दुसऱ्या अंगाला दगडाचा ओठ राहतो, त्यावर दार टेकते. खाच आत असेल तर दार आतच उघडते. बाहेर ओढले तर दगडावर अडते. बाहेर यायचेच असेल तर दार फुटले पाहिजे, नाहीतर दगड.

"हे कोणी ठरवलं?" मी विचारले.

"बाबा, पॅसेज अरुंद आहे. दार बाहेर उघडलं की कोनाडा झाकला जातो. आत लाइट दिलाय, मागे दगडी पट्ट्या लावल्यात. सगळी शोभा जाईल."

"त्या कोनाड्यात ठेवणार काय आहेस?"

"बघू ना नंतर."

सून मध्ये पडली. "बाबा, फरशी न घसरणारी घेतलीय. कोण कशाला पडेल?"

दार बसवणाऱ्या सुतारालाही तोंड घालायचे होते. "काका, दार आत उघडलं काय न् बाहेर उघडलं काय, माणूस जाणार आतच ना!"

"जाण्याचा प्रश्न नाही. बाहेर काढण्याचा आहे."

सुतार हसला.

मुलगाही हसला. तिच्या पोटचा मुलगा... आणि हसला.

पुढच्या आठवड्यात रंगारी कुरकुरू लागला. दाराला आतून रंग मारला की सकाळी खालचा भाग पुसलेला असायचा. अगदी तळाशी, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

"ओल्या रंगाला कोणीतरी हात लावतंय, साहेब."

मी गुडघ्यावर बसून पाहिले. रंगारी खोटे बोलत नव्हता. त्या खुणा होत्या... तळहाताच्या.

उभा माणूस तिथे हात लावत नाही. तिथे हात पोचतो तो फक्त... पडलेल्या माणसाचा.

मी कोणालाही सांगितले नाही. बोलून काय होणार होते?

मग एका सकाळी घराचे कुलूप मीच उघडले. पॅसेजमध्ये फरशी कापल्याची पांढरी धूळ पसरलेली होती. पावलांचा एक ठसा नव्हता. पण त्या धुळीत एक कमान उमटली होती... बिजागरीपासून निघून थेट कोनाड्याखाली गेलेली. पाव वर्तुळाची स्वच्छ पट्टी. दाराची खालची कड फरशीला घासत गेली की उमटते तशी.

बाहेरच्या बाजूला. जिथे ते दार येऊच शकत नाही.

आणि कोनाड्याच्या कडेला ताजी खोक पडली होती. मी टेप काढली. बिजागरीपासून दाराच्या कडीचे अंतर घेतले. बिजागरीपासून खोकेचे अंतर घेतले. मग दोन्हींची उंची.

मापे जुळली.

मुलाला बोलावून दाखवले. त्याने वाकूनसुद्धा पाहिले नाही.

"मजुरांनी शिडी आपटली असेल."

"आणि धुळीतली ही कमान?"

"कुठली कमान?" असे म्हणून त्याने बुटाने ती पुसून टाकली. माझ्यादेखत. "बाबा, आईला जाऊन किती वर्षं झाली! तुम्ही अजून त्या दारातच अडकून बसलात."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणे सोडले. नव्या घरात राहायला गेलो तेही न बोलता. सून तेवढी माझे एक ऐकत असे. आत गेली तर कडी लावत नसे.

आता ती दुपार.

मुलगा हॉलमध्ये पडद्याच्या दांड्या बसवत होता. ड्रिल चालू होते. सून बाथरूम धूत होती. मी माझ्या खोलीत वाचत बसलो होतो.

ड्रिल थांबले.

बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. फक्त नळाचा. ब्रशचा आवाज... नव्हता.

मी हाक मारली. उत्तर नाही.

मी पॅसेजमध्ये गेलो आणि दार हलकेच लोटले. बोटभर सरकले आणि अडले. दार कपाटाला अडते, भिंतीला अडते, ते मला माहीत आहे. हे तसे अडणे नव्हते.

ते मऊ होते... ओळखीचे होते.

मुलगा धावत आला. त्याने दाराला खांदा लावला.

"ढकलू नकोस!" मी ओरडलो. "तिलाच ढकलतोयस तू! मानेवर येईल तिच्या!"

"मग काय करू? सांगा ना! काय करू मी?"

काय सांगणार? सांगायचे ते चौकट बसण्याआधी सांगून झाले होते. खरे लिहितो, त्या क्षणीही मला दयेपेक्षा संताप आला होता. हसला होतास ना? मग हस आता.

त्याने खांदा मागे घेतला.

आत नळ बंद झाला.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. सून दाराशी पडलेली होती. नळ पलीकडच्या भिंतीवर आहे. मग तो बंद...

आणि दार आमच्याकडे आले.

हळूहळू. आवाज न करता. दगडी ओठ जणू तिथे नव्हताच. दाराने मुलाला बाजूला सारले आणि कडी जाऊन कोनाड्याच्या कडेला टेकली, त्याच खोकेत. दाराला टेकलेली सून त्याच्याबरोबर बाहेर कलंडली. तिचे डोके माझ्या पावलांवर आले. केस रक्ताने चिकटले होते. श्वास चालू होता.

आम्ही तिला ओढून हॉलमध्ये आणले. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर नेताना मी मागे वळून पाहिले.

दार मिटलेले होते. आत, आपल्या खाचेत.

सुनेला उपचार मिळाले, डॉक्टरांनी धोका टळल्याचे सांगितले, आणि संध्याकाळी कपडे नेण्यासाठी मी घरी आलो. आधी चौकट तपासली. दगडाचा टवका उडालेला नव्हता. बिजागरीच्या स्क्रूंवरचा रंगसुद्धा तडकलेला नव्हता.

दवाखान्यात परत गेलो तेव्हा मुलगा स्वतःलाच समजावत होता. "हिसका बसला असेल, बाबा. मी जोर लावला होता ना."

"कोणत्या दिशेने?"



दुसऱ्या दिवशी सून नीट बोलू लागली. डोक्याला टाके होते. मी खुर्ची ओढून बसलो तशी तिने विचारले, "बाबा, काल आत कोण होतं?"

"कोणी नव्हतं. तू एकटीच होतीस."

"नाही. बाई होती कोणीतरी. अगदी माझ्या कानाशी. सारखी एकच ओरडत होती."

"काय?"

"अहो, ढकलू नका. अहो, मला लागतंय, ढकलू नका."

मुलगा घाईने म्हणाला, "अगं, बाबा ओरडत होते ते. मलाच म्हणत होते."

मी मुलाला 'नकोस' म्हणतो, तो जन्मल्यापासून. सून त्याला अरे-तुरे करते. आमच्या घरात 'अहो' म्हणणारी एकच होती, आणि ते ऐकणारा एकच होता.

मुलाने ती चौकट स्वतःच्या हातांनी फोडली. सुताराला हात लावू दिला नाही. नवी चौकट बसली, खाच बाहेरच्या अंगाला. कोनाडा विटांनी बुजवून टाकला. काम झाल्यावर हात पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आता आई शांत झाली असेल."

शांत? मी त्याच्यावर इतका ओरडलो की सून खोलीतून धावत आली.

त्याला कसे सांगू? त्याच्या आईच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "पडल्या त्याच क्षणी गेल्या. त्यांना काहीच कळलं नाही." जन्मभर दुसऱ्यांची कामे तपासली, पण ते वाक्य मी तपासले नाही. त्याच्या भरवशावर झोपत आलो.

आता झोप नाही. ती दारामागे बोलत होती. आम्ही बाहेर आरडाओरडा करत ढकलत होतो.

ते दार कोणी उघडले, हे मला ठाऊक आहे. त्याची मला भीती वाटत नाही.

मी सुनेला पुन्हा विचारून घेतले. शब्द नेमका काय होता? तिने तोच सांगितला. 'लागत होतं' नाही. 'लागतंय'.

आम्ही तर केव्हाच थांबलो.

मग तिकडे... अजून कोण ढकलते आहे?