बारावी दाद

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगते. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. बर्फाच्या दोन कॉफ्या आणि आमचे मालक प्यो सर यांच्यासाठी भाताची गुंडाळी, किंबाप, घेऊन मी तळघराच्या पायऱ्या उतरत होते. पण आमच्या स्टुडिओला खिडकीच नाही. हापजोंग भागातल्या मागच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानाखाली ती खोली. दार लावलं की सकाळ काय न् मध्यरात्र काय, ओल शोषणारं यंत्र घरघरत राहतं आणि भिंतीवरच्या काळ्या स्पंजातून ओल्या मोज्यांचा वास येत राहतो. विद्यापीठ सोडल्यापासून तीन वर्षं मी त्या वासात काढली. आई अजून नातेवाइकांना सांगते की आमची गारम, म्हणजे मी, परीक्षेची तयारी करतेय.

गाणं संध्याकाळी सहापर्यंत म्युझिक कंपनीला जायचं होतं. माझ्याकडे त्यातलं शेवटचं काम होतं, खाऊचं.

म्हणजे असं की, गाणं बनून तयार झालं की त्यात बारीकसारीक आवाज पेरायचे. कडव्यातून धृपदात जाताना उलटी वाजवलेली झांज, कुठे नुसताच घेतलेला श्वास, कुठे उजव्या कानात एकदाच किणकिणून गेलेली काच. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, पण काढून टाकलं तर गाणं ओकंबोकं वाटतं. धंद्यात याला कानाचा खाऊ म्हणतात. सर नवख्या पोरांना सांगतात की ही कला आहे. ते अर्धंच खरं. सुई टोचताना नर्स पोरासमोर खुळखुळा धरते ना, ते उरलेलं अर्धं. गाण्यात जिथे जोड असतो तिथे खुळखुळा वाजवायचा.

या गाण्यात जोड सात होते.

गाणं हारिनच्या नावावर येणार होतं. एकोणीस वर्षांची पोर, कंपनीची नवी लाडकी. धृपद पान्सोरीच्या, ढोलाच्या साथीने गायच्या जुन्या लोकगाण्याच्या, ढंगाचं, गळा सोलून काढणारं. तिला ते जमेना. दोन दिवस प्रयत्न केला, मग काचेपलीकडे खाली बसून रडली. तिला काय दोष द्यायचा. जिला पंधराव्या वर्षापासून कॅमेऱ्याकडे बघून हसायला शिकवलं, तिच्याकडून चाळीस वर्षांचं दुःख मागितलं. मग सरांनी येबुनताईच्या नमुन्यातल्या सात ओळी उचलल्या आणि हारिनच्या गाण्यात चिकटवल्या. वर हारिनच्या आवाजाचा पातळ पदर टाकला.

येबुनताई नमुना गायची. म्हणजे खऱ्या गायिकेला ऐकवायला आधी दुसरीच कोणी गाऊन ठेवते, ती दुसरी. बावीस वर्षं तिने तेच केलं. आता तिच्या गळ्यात गाठ होती आणि गुरुवारी ऑपरेशन. आवाज राहील का, यावर डॉक्टर नुसते खांदे उडवत होते. हे तिचं शेवटचं गाणं असेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने सरांकडे एकच मागितलं होतं, गाण्याच्या श्रेयांच्या यादीत नाव. कोरसमध्ये चालेल, अगदी शेवटी चालेल. सर म्हणाले होते, हे काय सांगायला हवं.

सोमवारी यादी माझ्याकडे आली, तीत तिचं नाव नव्हतं. विचारलं तर सर मुळ्याची फोड चावत म्हणाले की कंपनीला आवडत नाही, नाव दिसलं की खरं कोण गायलं ते लोक शोधायला लागतात. वर मला म्हणाले, तू शिक्षण अर्धं सोडलंस, आता कामही अर्धं सोडू नकोस. गेली तीन वर्षं हाच विनोद.

त्याच दिवशी त्यांनी मला एक फोल्डर दिलं. आत त्यांच्या वडिलांचा आवाज होता.

म्हातारा कुर्ये गावाकडचा, पान्सोरीचा ढोलवादक. त्या गाण्यात एक गाणारा आणि एक ढोलवाला एवढीच माणसं. ढोलवाला मधूनमधून दाद देतो, ओलशिगु, चोता, म्हणजे वाहवा, छान, असं काहीतरी. ती दाद मिळाली की गाणाऱ्याला कळतं की पोचलं. सरांचे वडील फुकटची दाद देत नसत. एकदा जिल्ह्याच्या साहेबांच्या वाढदिवसाला गाणं खोटं वाटलं, तर तीन तास नुसता ढोल वाजवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या गायकाने पुढे धंदाच सोडला. सर हे दारू चढल्यावर हसत हसत सांगतात. एक मात्र कधी सांगत नाहीत. लहानपणी तेही वडिलांसमोर गायचे, आणि सगळं लहानपण दाद न मिळता गेलं. ते मला येबुनताईने सांगितलं.

म्हातारा मरायला टेकला तेव्हा सर टेपरेकॉर्डर घेऊन गेले. गाणं नको, नुसत्या दादी द्या म्हणाले, पुढे कामाला येतील. टेपवर आहे ते, मी ऐकलंय. म्हातारा विचारतो, "पण कोणाला?" आणि तरुण सरांचा आवाज येतो, "कोणाला नाही, बाबा. नुसतं बोला."

मग रिकाम्या खोलीत, कोणी गात नसताना, अकरा दादी. चौथ्या दिवशी तो गेला.

"जोडांवर घाल," सर म्हणाले होते. "मातीचा वास येतो. बाहेरच्या देशांत चालतं."

मी घातल्या. सात जोड, सात दादी, प्रत्येक जोडाच्या अर्धा ठोका आधी, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान तिकडे वळतो आणि आवाज बदललेला लक्षात येत नाही. मग सुरुवातीपासून लावलं.

पहिली दाद जोडावर आली नाही. येबुनताईची ओळ सुरू झाली, वर चढली, आणि जिथे तिचा आवाज किंचित फाटतो तिथे आली. अगदी नेमकी.

वाटलं, माझा हात सरकला असेल. दाद पुन्हा जागेवर ठेवली आणि पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच आली. दुसरी दादही तशीच. हारिनच्या ओळींवर काहीच नव्हतं. काहीच नाही असंही नाही. कोणीतरी तोंड मिटून बसलंय, असं काहीतरी होतं.

मी तो ट्रॅक बंद केला. पडद्यावरची त्याची पट्टी काळी झाली, काटा आडवा पडला. गाणं लावलं. ताईची ओळ आली, आवाज फाटला…

"चोता."

आवाज स्पीकरमधून येतोय असं वाटेना. स्पीकर समोर होते. ओल शोषणारं यंत्र घरघरायचं थांबलं होतं, ते कधी थांबलं ते मला कळलं नव्हतं. आणि मोज्यांच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, म्हातारी माणसं पाठीला चिकटवतात त्या औषधी पट्ट्यांचा. थंड, कापरासारखा.

मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा थकवा जास्त होता. सहाला गाणं जायचं होतं, आणि आता हेही निस्तरायचं होतं.

दोनच्या सुमारास येबुनताई आली. गळ्याला रुमाल, हातात डबा, तिळाच्या पानांचं लोणचं. ऑपरेशनपर्यंत ती आवाज जपून ठेवत होती, कुजबुजत बोलायची. आल्या आल्या म्हणाली की तू वाळलीस, या खोलीत बुरशीशिवाय काही वाढत नाही. मग डबा हातातच धरून तिने विचारलं.

"नाव आलं ना गं… यादीत?"

"आलं, ताई," मी म्हणाले.

इतक्या सहज. सरांना शिव्या घालत घालत मी सरांसारखीच बोलायला शिकले होते.

तिला ऐकायचं होतं. नाही कसं म्हणणार. मी लावलं. पहिली ओळ, पहिली दाद. तिने डबा खाली ठेवला. दुसरी. तिसरी. ती उभीच होती, डोळे दाराकडे, पण दार पाहत नव्हती. अर्धं गाणं झाल्यावर कुजबुजली, "हा कोण?"

मी सांगितलं, सरांचे वडील, जुन्या टेपवरून. ती मान हलवत राहिली. "बावीस वर्षं गातेय, गारम… काचेपलीकडून कोण दाद देणार. बाहेर सगळे घड्याळ बघत असतात."

काही ओळींवर दोन दोन दादी पडल्या. मी मोजत होते, कारण फोल्डरमध्ये अकराच होत्या. सातव्या ओळीत अकरावी आली. ओळ संपली, आणि मग, अगदी हळू, माझ्या कानाच्या मागे म्हणावं इतक्या जवळून…

"वा… माझ्या लेकरा."

येबुनताईने तोंडावर रुमाल धरला. रडली नाही. डबा फ्रिजमध्ये ठेव एवढं सांगून पायऱ्या चढून गेली. ही बारावी दाद टेपवर नाही, हे मी तिला सांगितलं नाही. आणखी एक न सांगितलेली गोष्ट.

सर चारला आले, जेवणाचा वास घेऊन. मी फक्त गाणं लावलं. चौथ्या दादीला त्यांनी विचारलं की ही इथे का घातलीस. मी पडद्यावरच्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवलं. त्यांनी स्वतः माऊस घेतला, ट्रॅक पुसूनच टाकला आणि पुन्हा लावलं. शेवटपर्यंत ऐकलं.

बारावी आली तेव्हा बावन्न वर्षांचा तो माणूस एवढासा झाला.

"हे टेपवर नाही," ते म्हणाले. मग, "असं ते कधी… कोणालाच…" एवढ्यावरच थांबले.

तेव्हा मला त्यांची दया आली असती. पण त्यांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "तिच्या ओळी काढ."

मी म्हणाले, नाव घाला यादीत. त्या दादी खोट्या नाहीत. तुमचे वडील दुसरं काय मागतायत असं वाटतं तुम्हाला?

"मेलेल्या माणसाचं ऐकून यादी करायची आता?"

"जिवंत माणसाचं ऐकून तरी कुठे केलीत, सर."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पावणेपाच. म्हणाले, हारिनच्या ओळी घे, ओढूनताणून सुरात बसव, वर खाऊ दुप्पट घाल. ताईच्या शेवटच्या सात ओळी, आणि त्यांना त्या नको होत्या, कारण ठेवायच्या तर नाव घालावं लागलं असतं.

इथे मी उठून निघून गेले असं सांगायला आवडलं असतं. नाही गेले. मनात शिव्या घातल्या आणि काम केलं. एकेक ओळ कापली. उलट्या झांजा घातल्या, काच घातली, श्वास घातले. गाणं गुळगुळीत झालं. दाद एकही आली नाही. यंत्र पुन्हा घरघरू लागलं. सर म्हणाले, "बघ, सुटलं ना."

गाणं संपल्यावर चार सेकंदांची शांतता ठेवतात. त्या शांततेत कोणीतरी घसा साफ केला.

सरांनी ती शांततेची शेपटी कापली. दोन सेकंद ठेवले. घसा साफ केल्याचा आवाज गाणं थांबल्यानंतर आला. पूर्णच कापली, तरी नंतर आला. सहाला दोन मिनिटं कमी असताना आम्ही एकमेकांकडे न बघता गाणं पाठवून दिलं.

बुधवारी मी ताईच्या सात ओळी, कोऱ्या, काहीही न पेरता, तिला नेऊन दिल्या आणि यादीचं खरं सांगितलं. ती म्हणाली, माहीत होतं, तुझ्या तोंडावरच लिहिलं होतं. ऑपरेशननंतर तिचा आवाज परत आला नाही. आता ती कुजबुजते, तेवढंच. त्या ओळी रोज दुपारी ऐकते. दादी अजून येतात का, ते मी विचारलेलं नाही.

शुक्रवारी मी नोकरी सोडली. किल्ली द्यायला गेले तेव्हा सर जुनी टेप ऐकत बसले होते. मला बघून त्यांनी बंद केली नाही. अकराही फायली कोऱ्या झाल्या होत्या, लांबी तेवढीच, आत सपाट रेघ. टेपवरून म्हाताऱ्याचा प्रश्नही गेला होता. उरला होता फक्त सरांचा तरुण आवाज. "कोणाला नाही, बाबा. नुसतं बोला." आणि पुढे अर्धा तास रिकामी खोली. ती संपली की सर पुन्हा मागे नेऊन लावत होते.

आता हे माझं.

माझंही एक गाणं आहे. चार वर्षं करतेय, कोणाला ऐकवलेलं नाही. मागच्या रविवारी गच्चीवरच्या माझ्या खोलीत, भर दुपारी, ऊन आत आलेलं असताना मी ते लावलं. पहिलं कडवं गेलं, काही नाही. मनात कुठेतरी वाट बघत होते, खोटं का बोलू. धृपद गेलं, काही नाही. दुसऱ्या धृपदाच्या तोंडाशी, उलट्या झांजेच्या आड, एक श्वास आहे. आत ओढलेला, थोडा थरथरणारा. सगळं गाणं त्या श्वासावर उभं आहे. दोन वर्षांपूर्वी येबुनताईच्या एका नमुन्यातून मी तो कापून घेतला. तिला विचारलं नव्हतं.

तिथे दाद आली.

फक्त तिथे. मी गाणं थांबवलं, स्पीकरची वायर उपटली. खिडकी उघडी होती, खाली भाजीवाल्याचा टेम्पो कांद्याचे भाव ओरडत चालला होता. खोलीत तो पट्ट्यांचा थंड वास भरला. माझ्या मागे, भिंतीजवळ, कोणीतरी घसा साफ केला आणि वाट बघत बसलं.

तेव्हापासून मी खोलीत गुणगुणतसुद्धा नाही. झोपताना भिंतीजवळची बसायची उशी झटकून, फुगवून ठेवते. सकाळी ती मधोमध दबलेली असते, आणि तिच्यासमोरची फरशी, जिथे ढोल ठेवतात तेवढीच, गार असते.