उखर्डूमामांनी घेतलेली जुनी मोटार

ही गोष्ट खरी आहे.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं लिहिलं आणि लोकांनी ते खरं मानलं. आता हे खरं लिहितोय, तर कुणी मानणार नाही. माझी तयारी आहे.

साल एकोणीसशे सेहेचाळीस. लढाई संपली होती, पेट्रोल मात्र अजून कुपनावरच मिळत होतं. ठिकाण, धुळ्याहून पारोळ्याला जाणारी सडक. फागणं मागे पडलं की डाव्या हाताला एक कडुनिंब होता, तिथं.

रात्र नव्हती. वैशाखातली भर दुपार होती.

दुपारी कसलं भूत, असं ज्यांना वाटेल त्यांनी खानदेशातला वैशाख पाहिलेला नाही. जेवणं झाली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. रात्री निदान गस्तवाला तरी असतो.

उखर्डूमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. राहणार पारोळ्याचे. बैलांची पारख करावी तर त्यांनीच. त्यांनी शेपटीला हात लावल्याशिवाय बाजारात कुणी जोडी सोडत नसे.

त्यांची मुलगी बेबा. तिचं शिंदखेड्याला ठरलं होतं. मुलगा अभिमन, चांगला, शांत. त्याचे वडील रुपचंद मात्र शांत नव्हते. नवरदेव मोटारीतून जाणार, असं ते गावभर सांगून बसले होते.

"मोटार दारात उभी राहिली, तर पोरगा घराबाहेर पडेल," असा त्यांचा निरोप आला. लग्नसराईत भाड्याची मोटार कुठं मिळेना. म्हणून मामांनी जुनी विकत घ्यायची ठरवली.

मी तेव्हा जळगावला छापखान्यात होतो. मोटारींच्या जाहिराती छापायचो. तेवढ्यावर घरात मोटारीतला जाणकार मीच ठरलो. मामांनी मला सोबत नेलं आणि माझं एक अक्षर ऐकलं नाही.

धुळ्यात वच्छलाबाई नावाच्या एका विधवा बाईंच्या अंगणात मोटार उभी होती. काळी, कापडी टपाची. मामांनी तिच्याभोवती चक्कर मारली. दिव्यात वाकून बघितलं. चाकाला लाथ मारली. पाठीवर थाप दिली आणि ती दचकते का ते पाहिलं.

ती दचकली नाही. मामा खूश झाले.

मी म्हटलं, "मामा, इंजिन उघडून बघू."

"बैल लेतांना त्यानं पोट फाडीसन दखस का तू?"

"निदान का विकताहेत, ते तरी विचारा."

"इकाले काढेल शे म्हनीसन इकी ऱ्हायनात. बठ्ठं बरोबर शे. तू गप बस."

मग बाईंच्या दिरानं आणि मामांनी उपरण्याखाली हात घातले. बोटं दाबून भाव ठरला. मोटारीचा भाव असा ठरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

एवढ्यात वच्छलाबाई दाराआडून बाहेर आल्या.

"भाऊ, एक सांगायचं राहिलं..."

मामांनी हात वर केला. त्यांचा एक नियम होता. सौदा झाल्यावर मालकानं जनावराची खोड सांगायची नाही आणि घेणाऱ्यानं ऐकायची नाही. ऐकली तर खोड घरी येते.

"अक्का, सौदा व्हयना. आते काही सांगू नका."

"अहो मामा, ऐकून तर घ्या!" मी म्हटलं.

मामांनी मला दंडाला धरून मोटारीत कोंबलं. सोबत आणलेल्या भिकन ड्रायव्हरनं हँडल मारलं. बाई अंगणात तशाच उभ्या राहिल्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

त्या मागच्या सीटकडे बघत होत्या.

मागची सीट रिकामी होती. मी आणि मामा पुढे भिकनशेजारी दाटीनं बसलो होतो, कारण मामांना हाकणाऱ्याचे हात बघायचे होते.

फागणं ओलांडलं. कडुनिंबापाशी मोटार आपोआप मंद झाली... आणि थांबली.

भिकन उतरला. झाकण उघडलं. सगळं ठीक होतं.

मग मागून आवाज आला...

कट्.

दाराच्या कडीचा. दार उघडलं नव्हतं. नुसती कडी वाजली. मग स्प्रिंगा कुरकुरल्या. जड माणूस उतरला की कुरकुरतात तशा.

रस्त्यावर कुणी नव्हतं. सावलीत कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा... कट्. पुन्हा कुरकुर. गाडीचं मागचं अंग खाली बसलं. भिकननं हँडलला हात लावला मात्र, इंजिन सुरू झालं.

"सावली दखी, दम लिधा," मामा कौतुकानं म्हणाले. "हुशार शे."

पारोळ्यात मोटार गोठ्याशेजारी उभी केली. त्या दिवसांत वावटळी रोज यायच्या. घरभर धूळ. टपावर धूळ, दिव्यांवर धूळ, सीटवर बोटभर धूळ.

पण मागच्या सीटवर उजव्या कडेला... एक जागा स्वच्छ असायची.

माणूस बसतो तेवढी.

मी मामांना दाखवली. ते म्हणाले, कोंबडी बसत असेल. मी म्हटलं, कोंबडी एवढी रुंद नसते. ते म्हणाले, तू कोंबड्यांचा जाणकार कधी झालास?

दुसऱ्या दुपारी आम्ही जेवून पडलो होतो. मामी चुलीपाशी होत्या. तिथल्या खिडकीतून गोठा दिसायचा. त्या दारात आल्या, डोक्यावरचा पदर सावरत.

"पाव्हनास्ले चहा देऊ का?"

"कोन्ता पाव्हना?" मामा म्हणाले.

"गाडीमा बशेल शेतस ना... त्यास्ले."

आम्ही धावलो. गाडीत कुणी नव्हतं.

स्प्रिंगा मात्र अजून हलत होत्या.

त्या संध्याकाळी मी मामांच्या हातापाया पडलो. म्हटलं, मोटार परत करा. ते म्हणाले, त्यांनी घेतलेलं जनावर आजवर परत गेलेलं नाही. लग्न तोंडावर आलंय. मोटार गेली तर शिंदखेडेकर येणार नाहीत, आणि हळद लागलेली पोर घरात बसेल. तिच्याकडे बघून बोल, म्हणाले.

बेबा दारातच उभी होती. मी काय बोलणार?

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आम्ही सकाळीच नवरदेवाला आणायला निघालो. धुळ्यात भिकन रेडिएटरमध्ये पाणी भरायला थांबला, तेवढ्यात मी वच्छलाबाईंचं घर गाठलं.

मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "बसलेत ना?"

मी मान हलवली.

"लढाईत पेट्रोल बंद झालं. ह्यांना गाडीची भारी हौस. रोज जेवून मागच्या सीटवर जाऊन बसायचे. चाक हलायचं नाही, तरी बसायचे. संध्याकाळी उतरून सांगायचे, आज चोपड्याला जाऊन आलो. आज फागण्याच्या लिंबाखाली जरा थांबलो. मी म्हणायची, बरं झालं. असं पाच वर्षं चाललं. मागच्या पौषात बसले, ते उतरलेच नाहीत. गाडीतच गेले."

"मग बाई, सांगायचं तरी!"

"सांगायलाच आले होते. तुमच्या मामांनी हात वर केला."

"त्यांना उतरवायचं कसं?"

बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"मला ठाऊक असतं तर गाडी विकली असती का?"

शिंदखेड्याला मोटार बघून रुपचंद पाघळले. बाकीचं वऱ्हाड बसनं पुढे गेलं. आमच्या मोटारीत मागे नवरदेव आणि मामा, पुढे भिकन आणि मी. पेट्या पायाशी. मी मामांना बाईंचं बोलणं कानात सांगितलं. त्यांनी कान झटकला, माशी बसल्यासारखा.

धुळं सुटलं. ऊन डोक्यावर होतं.

मागून अभिमन हळूच म्हणाला, "मामा, थोडं सरका ना."

"मी कुठं सरकू? मी तर दाराला चिकटलोय."

मी वळून पाहिलं. मामा डाव्या दाराला चिकटले होते. अभिमन उजवीकडे, मुंडावळ्या सांभाळत, अर्धा दाराबाहेर गेलेला. दोघांच्या मध्ये मोकळी जागा.

ती जागा... दबलेली होती.

अभिमनच्या मुंडावळ्या एका बाजूनं हलत होत्या. वारा नव्हता. शेजारी कुणी श्वास सोडला की हलाव्यात, तशा.

फागणं गेलं. कडुनिंब आला.

मोटार थांबली.

कट्.

या वेळी मात्र कडी दुसऱ्यांदा वाजली नाही. भिकननं हँडल मारलं. पुन्हा मारलं. सदरा घामानं भिजला, हाताला फोड आले. इंजिन गप्प. रस्त्यावर ना गाडी, ना माणूस. सावली लांब होऊ लागली. तिकडे मांडवात वऱ्हाड पोचलं असणार, आणि नवरदेव इथं लिंबाखाली.

अभिमन उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही गाडी तुमचीच ना, मामा?"

"माझीच."

"मग आत्ता माझ्या शेजारून कोण उतरलं?"

मी भिकनकडे बघितलं, भिकननं मामांकडे.

"मी पायी परत जातो. लग्नाचं नंतर बघू," तो म्हणाला आणि खरंच धुळ्याच्या दिशेनं चालू लागला.

मामांनी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग त्यांनी पेटी उघडली. अक्षतांची पुडी काढली. लिंबाच्या सावलीकडे तोंड केलं. तिथं कुणी नव्हतं.

"आबा," मामा म्हणाले. "तुमची गाडी लिधी, तुमले इचारं नही. चुकनं मनं. मनी पोरनं लगीन शे. तुम्ही चाला. घरना मानूस म्हनीसन चाला."

आणि त्यांनी अक्षता सावलीत टाकल्या.

मामा माझे सख्खे मामा. त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. तोही मला उद्देशून नव्हता.

काही क्षण काहीच झालं नाही...

कट्.

स्प्रिंगा कुरकुरल्या. भिकननं नुसता हात लावला आणि इंजिन धडधडू लागलं. मी धावत जाऊन अभिमनला आणलं आणि माझ्या जागेवर पुढे बसवलं. मी मागे बसलो. कसा बसलो ते विचारू नका.

गुरं घरी परतत होती तेव्हा आम्ही मांडवात पोचलो. लग्न वेळेवर लागलं. बेबाच्या चेहऱ्याकडे बघून मी सगळं विसरायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीनं नवरानवरीला शिंदखेड्याला पोचवलं. बेबा अंग चोरून बसली होती. नव्या नवऱ्या तशाच बसतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. कडुनिंबापाशी मोटार थांबली नाही. येताना मागची सीट हलकी वाटली. पारोळ्यात आल्यावर वावटळ झाली आणि धूळ सगळीकडे सारखी बसली.

"दखं?" मामा म्हणाले. "जनावरले गोड बोलनं पडस."

मोटार उत्तम चालू लागली. मामा गावभर सांगत सुटले, की जुनी मोटार कशी घ्यावी ते माझ्याकडून शिका. लोक शिकायलाही येऊ लागले. मी जळगावला निघून जायच्या विचारात होतो.

पहिल्या माहेरपणाला बेबाला मी आणि भिकन घेऊन आलो. मागे ती एकटीच होती. दार मी स्वतः लावलं होतं.

रात्री जेवताना मामींनी विचारलं, सासरचे कसे आहेत.

"बठ्ठा चांगला शेतस," बेबा म्हणाली. "सासू जीव लावतात. पण आई, सासूबाई परवा विचारत होत्या... तुमच्याकडचे ते आबा अजून किती दिवस राहणार?"

"कोन्ता आबा?"

"पाठराखणीला तुम्ही सोबत दिलेले. ओसरीवर बसतात ते. मला तर वाटत होतं, ते त्यांच्याकडचे."

मामींचा हात ताटावरच थांबला. मामा माझ्याकडे बघू लागले.

"जेवतात का?" मी विचारलं.

"नाही रे. बोलतही नाहीत. दुपारभर बसून असतात. संध्याकाळी मात्र सांगतात, आज कुठं कुठं जाऊन आले ते."

मामांनी घसा साफ केला. पोरीला परत पाठवायचं नाही, असं ते म्हणतील असं मला वाटलं.

"गाडी तर चांगली चालस ना?" ते म्हणाले.

चार दिवसांनी अभिमनकडून बोलावणं आलं. नव्या सुनेला किती दिवस ठेवून घेणार? आणि कारण काय सांगणार? दुपारी मोटार दारात लावली. बेबा मामींच्या गळ्यात पडून मागच्या सीटवर जाऊन बसली. मी दार लावायला गेलो.

तिनं ते हातानं अडवलं. घराच्या उंबऱ्याकडे बघत होती.

"थांब ना भाऊ. आबा चपला घाली ऱ्हायनात."

आम्ही थांबलो. दुसरं काय करायला हवं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.